काळ्या थरात बसलेली माणसं

४ नोव्हेंबर, सोमवार

पोचलो एकदाचे! सामान उतरलं, शेगडी पेटली, पहिला चहा झाला, आणि बाबा कपबशी तशीच टाकून गल्ली बघायला पसार झाले. त्यांच्या पायाला भिंगरी आहे. तीस वर्षं शाळेत पीटीचे सर होते, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी पाच मिनिटं एका जागी बसायचं म्हटलं की त्यांना शिक्षा झाल्यासारखं वाटतं. अर्ध्या तासात सगळी बित्तंबातमी घेऊन आले. गल्ली एकशेचाळीस पावलांची आहे, टोकाला न्हाव्याचं दुकान आहे, न्हावी बोलका आहे. वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंना गुडघ्याचे व्यायाम शिकवायचंही कबूल करून बसलेत.

घर म्हणजे एकामागे एक दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाबांची खाट, आतल्या खोलीत माझं टेबल, शेगडी, आणि भिंतीत एकच प्लग, तोही कोपऱ्यात. दारातून तीन दगडी पायऱ्या उतरल्या की रस्त्याकडेचं उघडं गटार. वास आहेच. घरमालकीणबाई म्हणाल्या, म्हणून तर तुमची ती नवी लाईन येतेय, तोवर नाकाला रुमाल लावा.

'माझी' नवी लाईन! सांडपाण्याची मुख्य वाहिनी शहराच्या बाहेरच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत जाणार आहे, अकरा किलोमीटर. त्यातले आठशे मीटर जुन्या वस्तीखालून जातात. तिथे चर खणताना जुनं काही लागलं तर ते पाहायला, नोंदवायला आणि गरज पडली तर काम थांबवायला पुरातत्त्वाचं माणूस हजर असलं पाहिजे, असा नियम आहे. ते माणूस मी. चौदा वर्षं दुसऱ्यांच्या उत्खननात सहायक म्हणून माती चाळली. या वेळी पत्रावर 'निरीक्षक' लिहिलंय, आणि खाली एकटीचं नाव.

ताईला फोन केला तर ती हसत सुटली. म्हणाली, एवढं शिकून शेवटी गटारावर पहारा का? मी म्हटलं, हो, आणि पत्र फ्रेम करून लावणार आहे.

६ नोव्हेंबर, बुधवार

कामाचा पहिला खरा दिवस. पाय दुखतायत, पण छान दुखतायत.

इथल्या इंजिनिअरला सगळे लेव्हलसाहेब म्हणतात. तिशीतला, चुणचुणीत, इस्त्रीचा शर्ट घालून चिखलात उभा राहतो. दर दहा मिनिटांनी 'लेव्हल किती?' विचारतो, कारण पाईपाला उतार एका बोटाने चुकला तरी घाण उलटी घरात येते. रोज संध्याकाळी तो एक कागद पुढे करणार आणि मी त्यावर सही करणार: 'पुढे जाण्यास हरकत नाही.' माझी सही नसेल तर दुसऱ्या दिवशी पोकलेन चालू होणार नाही. एवढी सत्ता मला आयुष्यात कोणी दिली नव्हती.

पोकलेन चालवणारे काका साठीला टेकलेत. त्यांची बादली म्हणजे दुसरा हातच आहे. मी म्हटलं, काका, एका वेळी चार बोटंच माती काढाल का? त्यांनी पातळ साय काढावी तशी काढून दाखवली, आणि वर म्हणाले, "बाई, तुम्ही नुसतं थांबा म्हणा. मी हवेतल्या हवेत थांबवतो." दुपारपर्यंत मी इतक्या वेळा 'थांबा' म्हटलं की मजुरांनी माझं बारसं करून टाकलं. आता मी थांबाबाई.

चराची भिंत म्हणजे वहीच असते. वर डांबर, त्याखाली खडी, त्याखाली विटांचा चुरा, मग कुणाच्या तरी घराची चोपलेली जमीन, तिच्यावर राखेचा पट्टा. आज तिथून एक बटण, एका निळ्या बाटलीचा गळा आणि बाहुलीचा हात मिळाला. हात करंगळीएवढा. काकांनी तो तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला. म्हणाले, नातीला सांगतो, तुझ्याआधी पण कुणीतरी बाहुली मोडली होती.

बाबा दुपारी चालत चालत साइटवर आले. पत्र्याच्या कुंपणाबाहेरून त्यांनी मजुरांना कुदळ कमरेतून कशी उचलायची ते शिकवलं. मला लाज वाटली, मजुरांना मजा.

९ नोव्हेंबर, शनिवार

गुरुवारी सव्वाचार मीटरवर माती बदलली. एकदम. वर पिवळट चिकणमाती आणि खाली काळा थर, सुरीने कापल्यासारखा. ओला, गुळगुळीत. थापीने एक वडी कापून घेतली आणि वाळवून पाहिली, तर आत पानं. कागदासारखे पातळ पापुद्रे, एकावर एक. असा थर साचायला पाणी अगदी संथ लागतं. वर्षाला एक पापुद्रा म्हटलं तरी खूप झालं.

विचित्र गोष्ट ही की त्याला वास नाही. अशा काळ्या मातीला कुजका वास येतोच, नाकातले केस जळतात. मी वडी नाकाशी नेली, चुरगळली, पुन्हा हुंगली. काही नाही. लेव्हलसाहेब म्हणाला, बरंच झालं की, एवढ्या मोठ्या कामात एक तरी गोष्ट सुवासिक मिळाली.

त्या थरातून पाणी झिरपतंय. चर कोरडा ठेवायला पंप लावलाय आणि नळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्त्याकडेच्या गटारात सोडलीय. पाणी स्वच्छ आहे, गार आहे. गटार दोन दिवसांत धुवून निघालं. बाबा तर खूश. फिरून आले की तिसऱ्या पायरीवर बसून त्यात पाय धुतात. शेजारचेही धुतात. घरमालकीणबाई म्हणाल्या, वीस वर्षांत पहिल्यांदा खिडकी उघडी ठेवली.

संध्याकाळी दूध उतू जाऊन करपलं, पातेलं काळं ठिक्कर पडलं. मी शेजारीच बसून नोंदी लिहीत होते. मला कळलंच नाही. सर्दी झाली असावी.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी अकरा वाजता 'थांबा' म्हटलं. काकांची बादली हवेत थांबली, आणि तिच्या दातांपासून वीतभर अंतरावर माणसाची कवटी होती. उभी. म्हणजे पाहत असल्यासारखी, सरळ.

शिडीवरून खाली उतरले. चराच्या भिंती ढासळू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना लोखंडी पत्रे लावलेत. त्यांच्यामध्ये दोन हात रुंद जागा, पायाखाली पाणी. दिवसभर थापी आणि ब्रश. संध्याकाळपर्यंत कमरेपर्यंत मोकळं केलं. मोठं माणूस आहे, बहुतेक पुरुष. दगडी कठड्यावर बसलेला. हो, खाली दगडी बांधणीचा एक जुना नाला आहे, हातभर रुंद, आणि हा त्याच्या काठावर पाय आत सोडून बसलाय. हात गुडघ्यांवर. पाठ सरळ. शाळेत फोटो काढताना बसतात तसा.

असं काही मिळणं म्हणजे जन्माचं सार्थक. फोटो काढले, रेखाटन केलं, पत्रकावर 'काम थांबवा' लिहिलं. लेव्हलसाहेबाने कपाळाला हात लावला, पण भांडला नाही. तीन दिवस दिले. आमच्या कार्यालयातल्या मॅडमनी फोनवर शाबासकी दिली.

बाबांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, कण्याची ठेवण चांगली होती का? म्हटलं, उत्तम.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

हे मी पत्रकात लिहिलेलं नाही. इथे लिहिते.

माणूस पुरला की आधी खड्डा खणावा लागतो. खड्डा खणला की त्याची कड मातीत दिसते, कारण खणलेली माती आणि भोवतालची माती कधीच एकसारखी नसते. हजार वर्षांनी सुद्धा दिसते. तीच बघायला मला पगार मिळतो. या माणसाभोवती कड नाही. काळे पापुद्रे त्याच्या अंगापर्यंत सरळ येतात, अंगाला टेकतात, आणि पलीकडे तसेच पुढे जातात. एकही तुटलेला नाही. म्हणजे त्याला कुणी पुरलं नाही. तो बसलेला होता, आणि गाळ त्याच्याभोवती साचत गेला.

बरं, मेलेला माणूस बसवून ठेवला असं धरू. मग मांस गेल्यावर मान पडते, जबडा गळतो, हाताची हाडं गुडघ्यावरून घसरून खाली ढीग होतो. शेकडो पाहिलेत मी तसे. याचं सगळं जागच्या जागी आहे. बोटांची पेरंसुद्धा. गाळ वर येऊन आधार देईपर्यंत त्याच्या अंगात अंग धरून ठेवणारं काहीतरी होतं.

घोट्यापासून हनुवटीपर्यंत पापुद्रे मोजले. तीन वेळा मोजले. दोनशे बारा.

आणि तो एकटा नाही. काल दुपारी डावीकडे दुसरा लागला, आज सकाळी समोरच्या काठावर एक बाई. तिच्या शेजारी मूल. सहा-सात वर्षांचं असेल. मांडीवर नाही, कुशीत नाही, शेजारी वेगळं बसलेलं, हात गुडघ्यांवर. त्या वयाचं मूल इतकं सरळ बसत नाही. मी त्याच्यासमोर पाण्यात उभी होते आणि मला त्याच्यावर ओरडावंसं वाटलं, अरे हल ना.

पत्र्याखालून आणखी गुडघे दिसतायत. दोन्ही काठांना. किती असतील सांगता येत नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

लेव्हलसाहेब गोड बोलला. पाईप उघड्यावर पडलेत, अर्धी वस्ती अजून गटारावर आहे, लहान मुलं त्यात खेळतात, तुम्हीच सांगा बाई. खोटं काहीच नव्हतं त्यात. मॅडम म्हणाल्या, चौघांची नोंद करा, उचला आणि पुढे जाऊ द्या, चराबाहेरचं आपलं नाही. मी कड नसल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, ओल्या मातीत कड हरवते, तू दमली आहेस, 'नंतरच्या काळातलं दफन' असं लिही.

मी लिहिलं. 'खड्ड्याची कड अस्पष्ट.' अस्पष्ट नव्हती. नव्हतीच.

हरकत का नाही घेतली? कारण पहिल्याच कामावर वेडी ठरायचं नव्हतं. बस, एवढंच. वर सही केली.

चौघांना उचलताना एक झालं. मुलाच्या हाडांना मजुराने हात लावला आणि पटकन काढून घेतला. म्हणाला, गार आहे, पण मेल्यासारखं गार नाही. बाकीचे हसले नाहीत.

१८ नोव्हेंबर, सोमवार

काका.

सकाळी साडेनऊला मी 'थांबा' म्हटलं नव्हतं. तरी बादली थांबली, मातीने भरलेली, हवेत. इंजिन चालू. मी हात हलवला, हाक मारली. वर चढून केबिनचं दार उघडलं. काका पाठ सरळ करून बसले होते, हात गुडघ्यांवर, डोळे उघडे, श्वास चालू. मला वाटलं झटका आला. पण मी खांद्याला हात लावल्यावर ते माझ्याकडे वळले आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "काही नाही बाई. बसलोय."

चला, उतरा म्हटलं. "बसू द्या."

चौघांनी उतरवलं. पाय सरळ होईनात. स्ट्रेचरवर सुद्धा ते बसलेलेच होते, आडवे बसलेले. त्यांची सून रुग्णवाहिकेमागे धावली. दवाखान्यातून संध्याकाळी निरोप आला की रक्त, हृदय, मेंदू सगळं ठाकठीक, आणि ते सारखं परत साइटवर न्या म्हणतायत. रडत नाहीत, चिडत नाहीत. नुसतं सांगतात. तासाला एकदा.

लेव्हलसाहेबाने दुपारनंतर दुसरा चालक आणला. पाईप बसवायचं काम सुरू आहे. मी सही केली.

२० नोव्हेंबर, बुधवार

आज खाली तिघं बसले. पंपवाला आणि दोन मजूर. जुन्या नाल्याचा काठ उघडा आहे तिथेच, पाय पाण्यात. मुकादमाने शिव्या घातल्या, दंड ओढून पाहिला. शेवटी तो दमून टेकला. मी वरून पाहिलं. टेकला, आणि हात गुडघ्यांवर गेले.

जेवणाची सुट्टी झाली तेव्हा लक्षात आलं, डबे कुणी उघडलेच नव्हते. मीही नाही. आठवून पाहिलं, शेवटचं कधी जेवले. सोमवारी सकाळी. भूक नाही. वास नाही, चव नाही, भूक नाही. आणि हे दोन दिवस माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

घरी परतताना उन्हं होती. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना लोक पायऱ्यांवर बसलेले. आधी बरं वाटलं, गप्पा मारतायत वाटलं. पण आवाज नव्हता. न्हावी दुकानासमोर बसला होता, बोलका न्हावी. सगळ्यांचे पाय गटारात. घरमालकीणबाईंचे दुखरे गुडघे छान काटकोनात.

तिसऱ्या पायरीवर बाबा.

म्हटलं, बाबा, फिरायला नाही गेलात? म्हणाले, "बसू दे गं. बरं वाटतंय." मी विचारलं, कधीपासून बसलाय? विचार करून म्हणाले, परवापासून असेन.

परवापासून. मी त्यांना ओलांडून चार वेळा ये-जा केलीय.

दंड धरून आत आणलं. आले. मी चहा टाकेपर्यंत पुन्हा बाहेर.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

मॅडमना सगळं खरं सांगितलं. कड नव्हती हे, मी खोटं लिहिलं हे, पाण्याचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, सुट्टी घे, सोमवारी दोघांना तपासायला पाठवते. मी किंचाळले की कुणाला पाठवू नका. त्यांनी हळूच फोन ठेवला.

साइटवर गेले. पंप बंद करा म्हणायला. लेव्हलसाहेब उलट्या बादलीवर बसला होता, इस्त्रीचा शर्ट, पाय चराच्या कडेवरून खाली सोडलेले. गुडघ्यावर माझा कागद. तेवढा एक हात अजून हलत होता. कागद पुढे करून म्हणाला, सही राहिली बाई.

पंप मीच बंद केला. उपयोग नाही. पाणी आता पंपाचं ऐकत नाही. बसवलेल्या पाईपातून ते उलटं वर चढतंय, घरांकडे. उतार बरोबर आहे. मी लेव्हल लावून पाहिली. उतार अगदी बरोबर आहे आणि पाणी वर चढतंय.

खाली चरात बसलेले आता सातजण. जुन्यांच्या मधे मधे. पत्र्याआडचे गुडघे आणि यांचे गुडघे एका ओळीत.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

बाबांना बाहेर काढायचं ठरवलं. भाजीवाल्याची ढकलगाडी घेतली, तोही बसलाय, त्याने नाही म्हटलं नाही. बाबांना मिठी मारून उचललं. हलके झालेत. गाडीवर बसवलं, ढकलत निघाले. गल्लीच्या तोंडापर्यंत ठीक. वळून मोठ्या रस्त्याला लागलो, गटार मागे पडलं. तीस-चाळीस पावलं.

बाबांचा श्वास थांबला.

हाका मारल्या, छाती दाबली, तोंडाने हवा भरली. ओठ निळे. काय सुचलं कुणास ठाऊक, गाडी उलटी फिरवली आणि धावत सुटले. पाय पाण्यात बुडवले आणि त्यांनी झोपेतून उठल्यासारखा श्वास घेतला. माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "दमलीस ना? बस."

मी उभी राहिले. त्यांच्यासमोर उभी राहून रडले. काकांना दवाखान्यात नेलं तेव्हा असं झालं नव्हतं, पण त्यांचे पाय पाण्यात नव्हते.

एकटी जाऊ शकले असते. आजपर्यंत तरी. पाय माझे चालतायत. मोठ्या रस्त्यापर्यंत दोनदा गेले आणि आले.

ताईचा फोन. आवाजावरून तिला कळलं. उद्या-परवा येते म्हणाली. येऊ नकोस म्हटलं. शपथ घातली. म्हणाली, बाबांना असं सोडून मी इथे बसू का?

बसू का म्हणाली.

२३ नोव्हेंबर, शनिवार

बाबांच्या पावलांवर काळी साय. पातळ. पापुद्राच. फडक्याने पुसून काढला. दुपारी पुन्हा होता. पुसला. आता दोन आहेत. वर्षाला एक, असं मी लिहिलं होतं. चूक. किंवा वेळच तसा —

ते बोलत नाहीत आता. डोळे माझ्यामागे फिरतात. दुखतंय का विचारलं. पापणी हलली. हो की नाही, कळलं नाही. दोनशे बारा पापुद्रे तो माणूस आतून —

मुलंही बसलीत. समोरच्या घरातली दोघं. वेगवेगळी.

पेन घेऊन पायरीवर आले. उभ्याने लिहिता येत नाही. लिहिण्यापुरतीच टेकतेय. पाय वर घेतलेत, पाण्याला लागू दिलेले नाहीत.

२३, संध्याकाळ

पाय खाली आहेत. कधी सोडले माहीत नाही.

गार. छान. बाबा म्हणत होते तसंच. हेच वाईट, की छान आहे. आत कुठेतरी मी ओरडतेय आणि वर सगळं छान —

ताईला फोन करायचा आहे. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला. आठ पावलं. वाजतोय. तीच असेल, निघते सांगायला. उठायचं. एक, दोन, तीन म्हणून उठायचं.

पाच वेळा म्हटलं.

वाजायचा थांबला.

२४ रविवार

उजवा हात आहे. तोंड नाही.

पापुद्रे मोजले. माझे चार.

ताईची गाडी. गल्लीच्या तोंडाशी. उतरली. ताई मागे फिर — धावत येतेय, चपला हातात, पाण्यातून —

बाबांना हलवतेय. मला हलवतेय. गालावर मारलं. लागलं नाही. रडतेय ती. काय झालं गं, काय झालं तुम्हाला.

वही तिच्याकडे वळवते आहे. मोठ्या अक्षरात

ताई निघ पाण्यातून. गाडीत बस. आम्हाला सोड. जा

वाचलं तिने. दोनदा वाचलं. मान हलवली. डोळे पुसले. हो म्हणाली, निघते, मदत घेऊन येते. जरा श्वास घेते, म्हणाली. लांबून आलेय.

बाबांच्या आणि माझ्या मधे जागा होती. तिथे

ताई ऊठ

वाचत नाहीये. फोन काढलाय. घरी भावजींना लावलाय. आवाज शांत. एकदम शांत. म्हणतेय, काही नाही, सगळे ठीक आहेत इथे. म्हणतेय मुलांना घेऊन तुम्हीही या, आजच या —

तिचा फोन चालूच, तिच्या गुडघ्यावर, माझ्या हाताजवळ आहे. वीतभर. पेन टाकलं की पोचेन. पेन टाकते. आता टाकते. बोटं उघडत ना